अक्कांची पोच

“मेल टाकलाय. पोच द्या की.”

माझ्या टेबलावर दोन बोटांनी टकटक करून अक्का एवढंच म्हणायच्या. हातात त्याच मेलची छापील प्रत, प्रतीच्या कोपऱ्यात पेनानं मारलेली आडवी रेघ. त्या रेघेवर मी सही करायची. मेल नुकताच आलेला असायचा, मी तो उघडलेलासुद्धा नसायचा. आणि आला कुठून? तर शेजारच्या टेबलावरून. मान वळवली की मला अक्कांचा स्क्रीन दिसायचा, इतकं जवळ. तरी सही पाहिजे म्हणजे पाहिजेच.

कचेरीत आयुष्य काढलेल्या माणसांना मी काय वेगळं सांगू? असं एखादं माणूस तुमच्याही कचेरीत असेल, आणि त्याच्यावर तुम्हीही करवादला असाल. मी तर रोज करवादायचो. माझा स्वभाव मुळात तापट, घरी कुणालाही विचारा. “अहो अक्का, मेल आलाय म्हणजे आलाय, सही कशाला?” असं मी ओरडलो की अक्का चष्म्यावरून बघायच्या आणि म्हणायच्या, “साकु.” म्हणजे पुरे. अक्का अक्कलकोटकडच्या, घरात कानडी, कचेरीत मराठी. पण राग आवरायला सांगताना त्यांना कानडीच लागायची. त्या एका शब्दावर मी मुकाट्यानं सही करायचो. बायकोला हे सांगितलं तेव्हा तिनं तो शब्द शिकून घेतला, पण घरी त्याचा काही उपयोग झाला नाही.

आमची संस्था शाळा चालवते. शाळा जिल्हाभर, सांगोल्याच्या माळापासून होटगीपर्यंत, आणि मुख्य कार्यालय सोलापुरात. अक्का तिथं आवक-जावक बघायच्या. आलेला कागद नोंदवून घ्यायचा, जाणारा कागद ज्याचा त्याला पोचवायचा आणि मिळाल्याची सही आणायची. त्या सहीला पोच म्हणायचं. मी आस्थापना विभागात, म्हणजे माणसांच्या नेमणुका, रजा आणि निवृत्त्या माझ्याकडे. आमचं काम एकमेकांत अडकलेलं, म्हणून टेबलंही चिकटलेली.

कचेरीत ईमेल आला तेव्हा अक्का पन्नाशी ओलांडून गेल्या होत्या. एका बोटानं टाइप करायच्या, पण विषयाच्या रकान्यात कधी हयगय नाही. ‘अमुक शाळेच्या छप्पर दुरुस्तीबाबत’ असा पूर्ण विषय. नाहीतर आमचे बाकीचे लोक! विषय काय, तर ‘अर्जंट’. फाइलचं नाव काय, तर ‘नवीन फायनल खरं फायनल’. अक्का असल्या फाइली उघडायच्याच नाहीत. ज्यानं पाठवली त्याला जाग्यावर जाऊन म्हणायच्या, “नाव घाला आदी. बारशाशिवाय मी पोरगं उचलत न्हाय.”

त्यांच्याही गमती होत्या. मेल लिहायच्या, पाठवायच्या, आणि सोबतचा कागद जोडायचाच राहायचा. मग लक्षात आलं की पुन्हा मेल करायचा कंटाळा. उठून यायच्या आणि हातातला कागद माझ्यापुढं ठेवायच्या. “ही घ्या अटॅचमेंट.” वर पोचही घ्यायच्या. कागदांचे गठ्ठे संपायचे, प्रिंटरची शाई संपायची, मी खरेदीची मागणी लिहून लिहून वैतागायचो. अक्का हट्टी होत्या, आणि कधीकधी अक्षरशः वैताग होत्या. उगीच देव्हाऱ्यात बसवून सांगत नाही.

पण त्यांना फोन लावून बघा. सांगोल्याकडच्या शाळेला तुकडीचं मान्यतापत्र गेलं का? अक्का फोन खाली न ठेवता मागच्या कपाटातून त्या शाळेचा गठ्ठा काढायच्या. गेलं, हेडमास्तर रजेवर होते, सही क्लार्कनं केली, बोलवा त्याला. संपलं. शाळेला मेल पाठवला की अक्का तिथं फोन लावायच्या, समोरच्याला मेल उघडायला लावायच्या, पहिली ओळ वाचून घ्यायच्या, आणि आपल्या प्रतीवर त्याचं नाव लिहायच्या. ही त्यांची फोनवरची पोच. मुख्याध्यापक लोक हसायचे. पण फोन आला की मेल उघडायचे, हेही तितकंच खरं.

मग नवे सचिव आले.

माणूस दिसायला गुळगुळीत, बोलायला त्याहून. पुण्यात कुठल्याशा कंपनीत होते, तिथलं वारं घेऊन आले. पहिल्याच आठवड्यात कचेरी ‘पेपरलेस’ करायची घोषणा झाली. मला त्यातही काही वाईट वाटलं नव्हतं, खोटं कशाला बोलू? शाईच्या मागण्या लिहिण्यातून सुटका होणार होती. पण साहेबांनी एके दिवशी अक्कांचं कपाट उघडायला लावलं, आणि अक्का जेवायला गेलेल्या असताना सगळे गठ्ठे रद्दीवाल्याच्या हातगाडीवर घातले. अक्का डबा धुऊन आल्या तेव्हा कपाटात फक्त डांबराच्या गोळ्या राहिल्या होत्या. त्यांनी कपाटाचं दार लावलं, आणि किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. “आता कुलूप कशाला?” एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर साहेबांचा आदेश निघाला, अर्थातच मेलवर. यापुढे कुठल्याही मेलची छापील प्रत काढायची नाही. पोच घ्यायची नाही. मेल मिळाला का म्हणून शाळांना फोन करायचा नाही, त्यात कर्मचाऱ्यांचा वेळ जातो. अक्का हे वाचून साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. दार उघडं होतं, आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

“साहेब, मेल जातोय ते खरं हाय. पर समोरच्यानं बघितला का न्हाय, ते मला कसं कळणार?”

“अक्का, मेल गेला म्हणजे पोचला. विषय संपला.”

हे वाक्य नीट ऐकून ठेवा. याच वाक्यानं पुढं माझ्या तळपायाची आग मस्तकात नेली.

साहेबांना स्वतःला मेल पाठवायची भारी हौस. संस्थेत पाहुणा आला, साहेबांनी हार घातला, की त्याचे फोटो सगळ्या शाळांना. साहेबांना कुणी हार घातला, की त्याचे तर दुप्पट. सोबत शुभेच्छा, सुविचार, परिपत्रकं, परिपत्रकांची स्मरणपत्रं. खेड्यातल्या शाळेत एक संगणक, त्याला रेंज असली तर असली. तिथल्या मुख्याध्यापकानं वर्ग घ्यायचे, पोषण आहार बघायचा, टँकर आला की पाणी भरून घ्यायचं, का साहेबांच्या गळ्यातले हार मोजायचे? सगळ्यांनी मेल उघडणंच कमी केलं. तुम्हीही तेच केलं असतं.

आणि त्या ढिगात बोर्डाचं एक पत्र गेलं.

सांगोल्याकडच्या आमच्या शाळेतल्या दहावीच्या मुलांचे परीक्षेचे अर्ज चुकीच्या फोटोंनी भरले गेले होते. एकाचा फोटो दुसऱ्याच्या नावावर. ठरलेल्या तारखेआत दुरुस्त करा, असं बोर्डाचं पत्र मुख्य कार्यालयाच्या मेलवर आलं. अक्कांनी ते आलं त्याच दिवशी शाळेला पाठवलं. विषय पूर्ण लिहिला, अटॅचमेंटही या वेळी आठवणीनं जोडली. मग त्यांनी फोनकडे हात नेला. मी समोर बसलो होतो, मी पाहिलं. हात फोनवर ठेवला आणि मागं घेतला. त्या उठून केबिनमध्ये गेल्या, एवढ्या एका पत्रासाठी फोन करू का म्हणून विचारलं. साहेब म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा.

मुख्याध्यापकांनी पत्र बघितलं तेव्हा तारीख उलटून गेली होती. मग धावपळ. विनंतीअर्ज, हातापाया पडणं, पुण्याच्या चकरा. मुलं परीक्षेला बसली, पण त्यांची हॉलतिकिटं पेपरच्या दिवशी सकाळी हातात पडली. आदल्या दिवसापर्यंत त्या पोरांना आपण बसणार का नाही हे माहीत नव्हतं. मेंढरामागं फिरून, टँकरच्या रांगेत उभं राहून अभ्यास केलेली पोरं ती. त्यांचे आईबाप जीप करून सोलापूरला आले आणि साहेबांच्या केबिनमध्ये उभे राहिले. त्यांचा काय दोष? माझा मुलगा असता तर मी केबिनची काच ठेवली नसती.

साहेबांना कुणीतरी बळी द्यायला हवा होता. मुख्याध्यापक त्यांच्या नात्यातले निघाले. राहिल्या अक्का.

अक्कांना मेमो मिळाला. सदर पत्राचा पाठपुरावा केला नाही, कामात निष्काळजीपणा केला, असा. पाठपुरावा केला नाही! ज्यानं फोनला हात लावू दिला नाही, तोच विचारतोय की फोन का केला नाही. आजही हे लिहिताना माझ्या अंगाचा तिळपापड होतो. आणि तो मेमो त्या माणसानं नुसता दिला नाही, तर मुख्याध्यापकांच्या सभेत मोठ्यानं वाचून दाखवला. जिल्ह्यातले सगळे मुख्याध्यापक हॉलमध्ये, अक्का दाराजवळ हजेरीचा कागद घेऊन उभ्या, आणि साहेब माइकवरून त्यांचं पूर्ण नाव घेऊन ‘निष्काळजीपणा’ हा शब्द उच्चारतायत. कागदाशिवाय कारभार करणाऱ्या त्या माणसाला त्या दिवशी बरोबर कागद मिळाला होता.

मी उभा राहिलो. म्हणालो, “साहेब, पोच तुमीच बंद केली होती की.” साहेब म्हणाले, हा विषय आज चर्चेला नाही, काय असेल ते मेल करा. माझ्या शेजारच्यांनी माझा शर्ट ओढून मला खाली बसवलं. जेवढे मुख्याध्यापक फोनवरच्या पोचेला हसायचे, तेवढे सगळे त्या दिवशी चहाच्या कपात बघत होते.

अक्का रडल्या नाहीत. कपाळावर सकाळी ओढलेली विभूती, चेहरा कोरडा. जागेवर येऊन बसल्या आणि एका बोटानं खुलासा टाइप केला. पत्र त्याच दिवशी पाठवले, फोन करण्याची परवानगी मागितली, ती नाकारण्यात आली, सबब मेमो मागे घ्यावा. खुलासा मेलवर पाठवला आणि छापील प्रत घेऊन साहेबांकडे पोच मागायला गेल्या. साहेबांनी सही दिली नाही. निवृत्तीला थोडेच महिने उरले होते, आणि अक्कांनी त्या महिन्यांत दुसरं काहीच मागितलं नाही. भविष्यनिर्वाह निधीचे अर्ज मी पुढं केले तरी त्या विचारायच्या, मेमोचं काय झालं? “बिनडागी जायाचंय मला,” म्हणायच्या.

निरोपाच्या दिवशी साहेबांनी भाषण केलं. अक्का म्हणजे संस्थेचा आधारस्तंभ, अक्कांसारखी माणसं आता होत नाहीत, वगैरे. त्याच तोंडानं! शाल खांद्यावर घालायला साहेब पुढं झाले, तशा अक्का मागं सरकल्या. “मेमो मागं घ्या, मग घालते,” म्हणाल्या. साहेब हसले, शाल टेबलावर ठेवली आणि म्हणाले, अक्का आज भावुक झाल्यात. अक्का डबा घेऊन होटगीच्या गाडीला निघून गेल्या. मालक रेल्वेत होते त्यांचे, ते गेल्यावर त्या होटगीतच राहिल्या होत्या.

मी गप्प बसणारा नव्हे. संस्थेच्या अध्यक्षांकडे मी इतक्या वेळा गेलो, की त्यांचा कुत्रा माझ्यावर भुंकेनासा झाला. अध्यक्ष म्हातारे, घराबाहेर पडत नाहीत, पण माणूस सरळ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, खुलासा वाचला, आणि सचिवांना मेमो मागं घ्यायला लावला. मला वाटलं, झालं. जिंकलो.

चार दिवसांनी कार्यालयाच्या मेलमध्ये एक परत आलेला मेल दिसला. मेमो मागे घेतल्याचं पत्र. साहेबांनी ते पाठवलं होतं अक्कांच्या कार्यालयीन पत्त्यावर. तो पत्ता अक्का निवृत्त झाल्या त्याच संध्याकाळी बंद केला होता, साहेबांच्याच आदेशानं. कुणालाही प्रत नाही, मुख्याध्यापकांना नाही, मलाही नाही. मी केबिनमध्ये गेलो. ते म्हणाले, “मी मेल केलाय.” मी टेबलावर हात आपटला, पाण्याचा पेला लवंडला, आणि साहेब आधी त्यांचा फोन पुसायला लागले.

मी त्या पत्राची प्रत काढून होटगीला गेलो. अक्कांनी चहा केला, शेंगाचटणीची पुडी बांधून दिली, आणि मग चष्मा लावून पत्र वाचलं. घडी घालून ते माझ्याच हातात परत दिलं.

“मेमो वाचला तवा सगळे हेडमास्तर होते. हे मागं घेतलं तवा कोण होतं?”

मी पत्र खिशात ठेवलं.

“हितल्या शाळेचा हेडमास्तर रोज दारावरनं जातो,” अक्का म्हणाल्या. “आदी थांबायचा, बोलायचा. आता नुसता हात करतो. मला कागद नको. जितं वाचलं, तितंच वाचायला सांगा साहेबास्नी. मी ऐकायला येते.”

मी पुन्हा अध्यक्षांकडे. अध्यक्षांनी पुन्हा सचिवांना फोन केला, आणि मुख्याध्यापकांच्या पुढच्या सभेत तो विषय घातला गेला. कार्यक्रमपत्रिकेवर मी स्वतः बघितला. अक्कांना फोन केला, या म्हणालो.

आल्या. इरकल नेसून, विभूती लावून, वेळेआधी. मी पुढं बसा म्हटलं, तर मागच्या रांगेत खुर्ची घेऊन बसल्या. उन्हाळ्याचे दिवस, पंखे नुसती गरम हवा फिरवत होते. होटगीचे मुख्याध्यापक पुढच्या रांगेत होते, ते मी अक्कांना खुणेनं दाखवलं. अक्कांनी पदर सारखा केला.

साहेबांनी एकेक विषय घेतला. आमचा विषय आला. त्यांनी फोनमधून डोकं वर काढलं आणि म्हणाले, “यासंबंधीचं पत्र आज सकाळी सर्वांना मेलवर पाठवलेलं आहे. वाचल्याचं गृहीत धरतो. पुढचा विषय.”

वाचल्याचं गृहीत धरतो. अहो, कुणी वाचलं होतं? सकाळी सगळे एस.टी.त होते, मोटारसायकलवर होते. कुणाच्या बापाला पत्ता नव्हता त्या मेलचा. मी उठलो. या वेळी शर्ट ओढणाऱ्याचा हात झिडकारला. साहेब बसा बसा म्हणत होते. मी सरळ स्टेजवर गेलो, माइक ओढून घेतला आणि खिशातली प्रत उघडून वाचायला लागलो. अक्कांचं पूर्ण नाव घेतलं. पत्र त्यांनी वेळेत पाठवले होते, त्यांच्याकडून कोणताही निष्काळजीपणा झालेला नाही, सबब मेमो मागे घेण्यात येत आहे. एकदा वाचलं. पुन्हा वाचलं, अधिक मोठ्यानं. होटगीचे मुख्याध्यापक वर बघून ऐकत होते. मग मी मागच्या रांगेकडे पाहिलं.

खुर्ची रिकामी होती. ‘पुढचा विषय’ म्हटल्या म्हटल्या अक्का उठून गेल्या, असं दाराजवळच्या शिपायानं सांगितलं. मी जिन्यावरून धावत खाली आलो, फाटकाबाहेर उन्हात दोन्हीकडे बघितलं. कुणी नव्हतं. वर आलो तेव्हा सभेत शौचालयांच्या दुरुस्तीची चर्चा चालू होती, आणि शिपायानं ती खुर्ची उचलून भिंतीजवळच्या चळतीवर ठेवली होती.

संध्याकाळी फोन लावला. बऱ्याच वेळानं उचलला. मी धापा टाकत सांगायला लागलो, अक्का, वाचलं, माइकवर वाचलं, सगळ्यांपुढं, दोनदा वाचलं.



“तुमी वाचलंत हो,” अक्का म्हणाल्या. “त्यानं न्हाय वाचलं.”

आणि त्यांनी फोन ठेवून दिला.